छप्पर केव्हां उतरवावें?

‘बडा घर, पोकळ वासा’ ही म्हण आपण बहुधा माणसांस लावतों. ती ज्या घरांतून निघाली त्या घराकडे मात्र कोणी पाहत नाहीं. वासा बाहेरून सरळ दिसतो, तेलपाणी केलें तर शोभतोही. आंत वाळवीनें आपलें काम कधींच उरकलेलें असतें. छप्पर गळूं लागलें म्हणजे तें गेलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ही समजूत अपुरी आहे. कौल सरकलें, पन्हाळ तुंबली, तरी छप्पर गळतें. आणि मोडावयास आलेलें छप्पर कित्येकदां एक थेंबही गळत नाहीं.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा या अभ्यासास मोठा सोयीचा आहे. पश्चिमेस मावळ, तेथें लोणावळ्यास वर्षाला दीडशें इंचांवर पाऊस पडतो, तर पुण्याकडे तो तीस इंचांच्या आसपास येतो. म्हणून मावळाच्या बाजूस उतरतीं, केंबळी किंवा नळीच्या कौलांचीं घरें आणि कोरड्या देशाकडे मातीचें सपाट धाबें, असा क्रम लागतो. छप्पर हा घराचा सर्वांत अल्पायुषी भाग. चाकणच्या भुईकोटानें १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखालीं शाएस्तेखानाच्या फौजेला सुमारें दोन महिने दाद दिली नाहीं. त्याच्या तटबुरुजांचे अवशेष अजून दिसतात, पण त्या काळचें छप्पर तेथें शोधूं जाणें व्यर्थ होय.

पुढें मंगळुरी कौल आलें. बासल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. त्याच्या दोनच वर्षें आधीं बोरघाटांतून रेल्वे देशावर चढली होती. मुंबई बंदरांत उतरणाऱ्या मालाला घाटमाथ्याची वाट मोकळी झाली, आणि नळीच्या कौलांची जागा या चपट्या, खांचेंत खांच बसणाऱ्या कौलांनीं घेतली. पण कौल कोणतेंही असो, शाकारणी चुकत नसे. मृगापूर्वीं गडी छपरावर चढे, कौलें उतरवी, फुटकीं बाजूला टाकी, आणि हें करतां करतां रिपा नि वासे त्याच्या हाताखालून जात. घराची ही वार्षिक तपासणीच होती. तिला तपासणी असें कोणी म्हणत नसे इतकेंच. आढ्याला झोळ आला आहे, कौलांच्या ओळी वांकल्या आहेत, वाशाच्या भिंतींतल्या टोकाशीं भुसा सांचतो आहे, सुरीचें टोक लांकडांत सहज शिरतें आहे, यांतलें एक चिन्ह दिसलें तर तेवढा वासा बदलीत. चारही दिसलीं तर छप्पर उतरवीत. कौलें बहुधा धड असत व नव्या लांकडावर तींच पुन्हां चढत.

धाब्याची गोष्ट निराळी. तेथें दुरुस्ती म्हणजे कांहीं काढणें नव्हे, घालणें. गळूं लागलें कीं पांढऱ्या मातीचा नवा थर. बापानें घातलेल्या थरावर मुलाचा थर. घर थंड राही, गळती थांबे, आणि तुळयांवरचें ओझें पिढीगणिक वाढत जाई. या सवयीचा शेवट पाहण्यासाठीं आपला पट्टा सोडून मराठवाड्यांत जावें लागतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा जोर जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यमच होता. पण दगडमातीच्या भिंतींवर फूट फूट, कोठें दोन दोन फूट जाडीची माती बसलेली होती. भिंती फुटल्या आणि हजारों माणसें झोपेंतच त्या मातीखालीं गाडलीं गेलीं. त्या धाब्यांपैकीं पुष्कळशीं आदल्या पावसाळ्यांत गळतही नसतील.

पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स निघालें, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९७२ सालीं नवनगर प्राधिकरण आलें. कामासाठीं कोंकणांतून, मराठवाड्यांतून माणसें आलीं आणि धाबें व कौल एका पिढींत मागें पडलें. चाळींवर सिमेंटचा पत्रा चढला. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतु असत. पत्रा जुना होऊन भुसभुशीत झाला कीं ते मोकळे होतात आणि फुप्फुसांत जाऊन बसतात. असा पत्रा घांसूं नये, फोडूं नये. ओला करून अखंड उतरवावा, आणि त्यावर पाय तर देऊंच नये. ज्यांना जमलें त्यांनीं स्लॅब घातला, आणि छपराची काळजी मिटली असें मानलें.

ती मिटलेली नाहीं. स्लॅबचे वासे म्हणजे पोटांतल्या सळ्या. पाणी व हवा तेथवर पोंचली कीं लोखंड गंजतें, गंजलेलें लोखंड फुगून अधिक जागा मागतें, आणि काँक्रीट खालून तडकतें. सळईच्या रेषेंत सरळ जाणारी भेग, तांबूस डाग, गळून पडणारे पोपडे, हातोडीनें ठोकतां येणारा पोकळ आवाज, हीं त्याचीं चिन्हें. परंतु पोपडा पडला कीं आपण गिलावा करतों, गळती दिसली कीं वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतों. असा एक कोबा जाडीनें जवळजवळ स्लॅबाइतका भरतो. जुना न काढतां त्यावर दुसरा घातला, तर तें किल्लारीचेंच धाबें झालें. सोसायट्यांत तर गच्चीची गळती ही वरच्या मजल्याची तक्रार समजतात. खालच्यांना वर्गणी जड वाटते, आणि स्वस्त म्हणून दुसरा थर मंजूर होतो. त्याचें ओझें मात्र तळमजल्याच्या खांबांपर्यंत पोंचतें.

तीस वर्षांवरील इमारतींची जाणकार अभियंत्याकडून तपासणी करण्याची तरतूद आतां कायद्यांतही आहे, आणि या पट्ट्यांतील पहिल्या वसाहतींनीं पन्नाशी ओलांडली आहे. तपासणी चैत्रांत व्हावी. म्हणजे जुना कोबा खणून काढण्यास वैशाख हातीं राहतो.