विक्रीपूर्व गृहसज्जा (भंडारा जिल्हा)

विकायचे घर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी अल्प खर्चात केलेली डागडुजी, सफाई व मांडणी. अमेरिकेत सिॲटलच्या बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७० च्या दशकात तिला व्यवसायाचे रूप दिले. भंडारा जिल्ह्यात तिचा आधार पावसाळ्यापूर्वीची घरदुरुस्ती व दिवाळीची रंगरंगोटी हाच आहे.

कवेलूच्या घरात (पहा : कौलारू घर) पहिला खर्च छपरावर करणे इष्ट. उन्हाळ्यात कवेलू फेरून फुटके बदलतात आणि वाळवी लागलेले वासे काढतात. मातीच्या भिंतींचे पोपडे खरवडून शेणमातीचा गिलावा व त्यावर चुन्याचे दोन हात देतात. चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक मिसळल्यास तो अंगाला लागत नाही. स्लॅबच्या घरात आधी ओल थांबवावी लागते. ओल्या भिंतीवरचा रंग लवकरच फुगतो. धानाची पोती व कोठ्या हलवल्या की खोली मोकळी दिसते. याला खर्चही नाही.

वैनगंगाकाठी (पहा : वैनगंगा) ऑगस्ट २०२० अखेरीस मोठा पूर आला होता. पुराच्या खुणा रंगाखाली दडवणे सज्जेत मोडत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण गिऱ्हाइकाला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा, नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक (पहा : आखीव पत्रिका) आणि करपावती घर दाखवतानाच हाताशी ठेवतात.