जुनी गाडी लांब न्यायची आहे? किलोमीटर नाही, वय बघा

जव्हारच्या साखरशेतहून मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वर असो, की आफ्रिकेची काही महिन्यांची सफर, जुनी गाडी काढताना आपण विचारतो, ‘किती चाललीय?’ पण काही भाग गाडी उभी असली तरी म्हातारे होतात.

टायर : बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी भेगा दिसल्या की टायर बदला.

पाइप आणि बेल्ट : रेडिएटरचा पाइप इंजिन थंड असताना दाबून पाहा. कडक किंवा फुगलेला असेल, तर चढणीला फुटू शकतो. बेल्टला चिरा नकोत.

ब्रेक ऑइल : हे ओल शोषतं. परतताना तोरंगण घाटात सतत ब्रेक दाबला, की ते तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ब्रेक लागतच नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदला. उतारावर गाडी खालच्या गियरमध्येच ठेवा.

कागदपत्रं : खासगी गाडीला १५ वर्षं झाली, की आरसीचं नूतनीकरण लागतं. आफ्रिकेतल्या काही देशांत ‘कार्ने’ही मागतात. गाडी तिथे विकणार नाही, परत नेणार, याची ही हमी. भारतात कार्ने मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते.