खत आणि मत

धनसत्तेने घडविलेली राज्यव्यवस्था मतदानाने बदलू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर शिरूर व दौंड तालुक्यांच्या इतिहासात अंशतः सापडते.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नामक सावकाराने हुकूमनाम्याच्या आधारे बाबासाहेब देशमुख यांची मालमत्ता लिलावात घेतली आणि त्यांचे घर पाडावयास आरंभ केला. तेव्हा गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला व भीमथडी तालुक्यात पसरला. आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश त्या वेळी भीमथडीतच मोडत असे.

दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. निरक्षर कुणबी खतावर सहीऐवजी नांगराची निशाणी करी, आणि शेजारी त्याचे नाव लिहिलेले असे. या निशाणीनेच तो बांधला जाई. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. परंतु हा कायदा मताने झाला नाही. कुणब्यास तेव्हा मतच नव्हते. पुढे मताधिकार आला, तोही दीर्घकाळ सारा व मालमत्ता यांच्या अटींनी बांधलेला होता.

१९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्व प्रौढांस मत मिळाले, व तेही गुप्त. मतपेटीवरही निशाणीच, पण ती उमेदवाराची; मतपत्रिकेवर मात्र मतदाराचे नाव नाही. धनकोच्या नजरेआड निर्णय करण्याची सोय ऋणकोस प्रथमच लाभली. ‘मत’ शब्दाचे मूळ ‘मन्’, म्हणजे विचार करणे, या धातूत आहे. त्या अर्थास आता आधार मिळाला.

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने हेच तत्त्व अर्थव्यवहारात आणले: भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. पाटसचा भीमा व न्हावऱ्याचा घोडगंगा हे साखर कारखाने याच व्यवस्थेत उभे राहिले.

तथापि येथे एक नवी अडचण उद्भवते. १८७५ चा सावकार कुणब्याकडे मत मागत नव्हता. सहकारात मात्र पतपुरवठा व ऊसतोड ज्यांच्या हाती, तेच उमेदवारही असू शकतात. ज्याचा ऊस शेतात उभा आहे, त्याचे मत गुप्त असले तरी निर्भय असेलच, असे नाही.

सारांश, मतदानाने सत्ताधारी बदलतो. व्यवस्था बदलण्यास तेवढे पुरत नाही. करडेकरांपाशी एकी होती, मत नव्हते. त्यांच्या वंशजांपाशी मत आहे. दोन निवडणुकांच्या दरम्यान वार्षिक सभेत उभे राहून हिशेब मागण्याइतकी एकी त्यांनी राखली, तरच त्या मताचा धाक धनसत्तेस वाटेल.