नेपल्सचा 'कोमांदांते'

१९८५ च्या ऑक्टोबर महिन्यात पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ एक इटालियन प्रवासी जहाज ताब्यात घेतले, तेव्हा 'आकिले लाउरो' हे त्या जहाजाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. ज्या माणसाचे हे नाव, त्याला मात्र इटलीबाहेर फारसे कोणी ओळखीत नव्हते. त्याच्याविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले त्याला कारण आहे. ज्याचे सार्वजनिक जीवन १९४३ साली संपले असे कोणीही जाणत्याने म्हटले असते, तोच माणूस नऊ वर्षांनी नेपल्ससारख्या मोठ्या शहराचा महापौर झाला, आणि तोही गोरगरिबांच्या खांद्यावर बसून. बदनामीचे भांडवल कसे होते, हे या उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

लाउरोचा जन्म १८८७ साली सोरेंतोजवळच्या पियानो दी सोरेंतो या गावी झाला. घराण्यात जहाजांचा धंदा होता. तो त्याने वाढविला आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो इटलीतील मोठ्या खासगी जहाजमालकांत गणला जाऊ लागला. फॅसिस्ट राजवटीशी त्याने उत्तम जमवून घेतले. मुसोलिनीने निवडणुकीच्या संसदेऐवजी जी नेमणुकीची सभा उभी केली तिचा तो सभासद होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या काळात लाउरोला लोकांची गरज नव्हती. रोममध्ये योग्य माणसे ओळखीची असली म्हणजे पुरे होते. मत मागण्याची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती.

मग युद्धाने सगळे पालटले. त्याची बहुतेक जहाजे समुद्राच्या तळाशी गेली. बाँबवर्षावाने नेपल्सचे बंदर आणि गल्ल्या उद्ध्वस्त झाल्या. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस चार दिवस नेपल्सच्या नागरिकांनी जर्मनांशी रस्त्यांत लढून शहर मोकळे केले आणि १ ऑक्टोबरला दोस्तांचे सैन्य आत आले. (याच इटलीच्या मोहिमेत आपल्या मराठा पलटणीही होत्या. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी तेथेच वीरमरण आले.) शहर मोकळे झाले, पण अन्न नव्हते, पाणी नव्हते, आणि त्या हिवाळ्यात प्रलापक ज्वराची साथ उठली. अशा वेळी दोस्तांनी फॅसिस्ट म्हणून लाउरोला पकडले आणि पादुला येथील जुन्या मठात थाटलेल्या छावणीत दीड वर्षाहून अधिक काळ स्थानबद्ध करून ठेविले.

आमच्या मते त्याच्या पुनर्जन्माचे बीज याच छावणीत पडले. त्याला शिक्षा कोणी केली? त्याच्या देशबांधवांनी नव्हे, परक्या सेनाधिकाऱ्यांनी. ज्यांच्या विमानांनी आपली घरे पाडली आणि ज्यांच्या शिपायांमागे आपली पोरे सिगारेटींसाठी धावली, त्यांनीच याला कोंडले, एवढेच नेपल्सच्या माणसाला दिसत होते. पुढे त्याच्यावरील आरोप टिकले नाहीत. आपल्या न्यायासनासमोर, साक्षीपुराव्यानिशी, शहराच्या देखत त्याचा हिशेब मागितला गेला असता तर त्याला हौतात्म्याचा देखावा करणे इतके सोपे गेले नसते. परक्याने केलेल्या न्यायाला घरच्या न्यायाचे तेज चढत नाही.

दुसरीही एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. २ जून १९४६ रोजी इटलीने राजेशाही ठेवावी की प्रजासत्ताक व्हावे यावर कौल दिला. देशाचा कौल प्रजासत्ताकाकडे गेला, पण नेपल्स शहरात पाचांपैकी जवळजवळ चौघांनी राजाच्या बाजूने मत दिले. म्हणजे नवे राज्य या शहराला उत्तरेने लादलेले वाटत होते. लाउरोने आधी 'सामान्य माणूस' या नावाने निघालेल्या जानीनीच्या चळवळीला पैसा पुरविला, आणि तिचा भर ओसरताच तो राजनिष्ठ पक्षात गेला. राजावर त्याची भक्ती किती होती हे सांगणे कठीण आहे. मुसोलिनीवर जितकी होती तितकीच असावी! पण नेपल्सच्या दुखावलेल्या अभिमानाला एक तोंड हवे होते, आणि ते त्याने दिले.

पैसा तर परत आलाच होता. ब्रिटिशांच्या दोन जुन्या विमानवाहू जहाजांचे रूपांतर करून त्याने 'रोमा' आणि 'सिडनी' ही प्रवासी जहाजे चालू केली. इटलीत पोट भरेना म्हणून जी माणसे ऑस्ट्रेलियाची वाट धरीत, ती या जहाजांतून जात. ज्या दारिद्र्याने लोक देश सोडीत त्यातून त्याला भाडे मिळे, आणि जे मागे राहात त्यांच्याकडून मत. हा हिशेब त्याने मनाशी मांडला असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या संपत्तीची घडणच तशी होती.

१९५२ साली राजनिष्ठ आणि नवफॅसिस्ट यांच्या युतीने नगरपालिका जिंकली आणि लाउरो महापौर झाला. लोक त्याला 'कोमांदांते', म्हणजे कप्तान, म्हणत. त्याच्या प्रचाराच्या कथा आजही सांगितल्या जातात. शेवयांची पाकिटे वाटली जात. मतदानापूर्वी एका पायाचा जोडा देत आणि निकालानंतर दुसऱ्या पायाचा, असे म्हणतात. ही कथा नेपल्सचे लोक हसत सांगतात, आणि त्या हसण्यात पुष्कळ अर्थ आहे. घेणाऱ्याला सौदा पुरा कळत होता. रस्त्याच्या पातळीवरच्या एकखणी अंधाऱ्या बिऱ्हाडात आठ-दहा माणसांचा संसार करणाऱ्या बाईला लोकशाहीचा दुसरा कोणता लाभ तोवर पोचला होता? भोळी म्हणून तिला नावे ठेवणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे.

शहराच्या फुटबॉल संघाचाही तो अध्यक्ष होता. त्याच वर्षी त्याने येप्सन नावाचा स्वीडिश खेळाडू १०.५ कोटी लिरांना आणला. ही रक्कम इतकी अफाट होती की, येप्सन मैदानावर पडला तेव्हा 'बँक ऑफ नेपल्स कोसळली!' असे प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, अशी आठवण सांगतात. 'रोमा' हे दैनिकही त्याच्याच मालकीचे होते. १९५६ च्या निवडणुकीत, राजनिष्ठांतून फुटून काढलेल्या स्वतःच्या पक्षाच्या बळावर, त्याला निर्विवाद बहुमत मिळाले.

आता या औदार्याची किंमत कोणी दिली ते पाहू. पाकिटे त्याच्या खिशातली, हे खरे. पण त्याच्या अमदानीत १९३९ चा नगररचना आराखडा कागदावर राहिला आणि बांधकाम करणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. व्होमेरो आणि पोझिलिपो या टेकड्यांवर, जेथे बागा आणि मळे होते, तेथे इमारतींच्या भिंतीला भिंत लागली. पालिका कर्जात बुडाली. एक पाकीट शेवया दोन दिवसांत संपते. टेकडीवर उभी राहिलेली इमारत नातवंडांच्या काळापर्यंत उभी राहते. जो माणूस आपल्या हाताने देतो त्याच्याकडे कोणी जमाखर्च मागत नाही, कारण मागणारा आधीच ऋणात असतो. शाळा, गटारे, घरे ही हक्काने मिळाली असती तर कोमांदांतेचे आभार मानण्याचे कारणच उरले नसते.

अखेर १९५८ साली केंद्र सरकारने तपासणीनंतर पालिका बरखास्त केली. रोमच्या सत्ताधाऱ्यांना एवढी वर्षे हा कारभार दिसला नव्हता असे नाही. संसदेत राजनिष्ठांच्या मतांची अधूनमधून गरज पडे, तोवर डोळे मिटलेले होते. १९६१ साली लाउरो काही महिन्यांपुरता पुन्हा महापौर झाला, पण त्याच्याच बाजूचे काही नगरसेवक ख्रिस्ती लोकशाही पक्षाला जाऊन मिळाले आणि सत्ता गेली. बांधकामवाल्यांनाही नवा पक्ष मानवला. फ्रांचेस्को रोझी या नेपल्सच्याच दिग्दर्शकाने १९६३ साली 'शहरावरचे हात' या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. त्यात एक इमारत कोसळते, माणसे मरतात, आणि जबाबदार बांधकामदार नगरसेवक पक्ष बदलून अधिकच वर चढतो. व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

१९७३ साली नेपल्समध्ये कॉलरा आला. दोन वर्षांनी शहराने मौरीत्सिओ व्हालेन्त्सी या कम्युनिस्टाला महापौर केले. लाउरो तेव्हा ८८ वर्षांचा होता, आणि नवफॅसिस्टांच्या पंक्तीला जाऊन बसला होता. १९८२ साली तो वारला. तोवर त्याचा जहाजांचा धंदा कर्जात बुडून सरकारी प्रशासकाच्या हाती गेला होता.