भाड्याची मिळकत आणि धर्मादाय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिराच्या परिसरातील यादवकालीन शिलालेख शतकांपूर्वीच्या धर्मकार्याची साक्ष देतात. दात्याचे नाव शिळेवर कोरले की ते टिकते. परंतु दानाचे उत्पन्न टिकविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जागरूक कारभार लागतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने न्यासाच्या शिलकीतून शहरात एखादी भाड्याची मिळकत घ्यावी, असा विचार समाजात व्यक्त होत आहे. त्याचा निर्णय करताना आपल्या पूर्वसूरींचा अनुभव पाहणे उचित ठरेल.

सुरतेत १८५१ साली जन्मलेले दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत मोत्यांच्या व्यापारात संपत्ती मिळविली. पित्याच्या नावे त्यांनी ताडदेव येथे विद्यार्थ्यांसाठी हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढले. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा ही त्यांच्याच घराण्याची देणगी. पुढे अनेक वर्षे पं. नाथूराम प्रेमी यांच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचा पत्ता हिराबाग हाच होता. ताडदेवची ‘जुबिली बाग’ ही मिळकतही शेठजींनी धर्मकार्यासाठी न्यासाकडे सोपविली. १९१४ साली त्यांचे देहावसान झाले. रोख रक्कम खर्च होऊन जाते, वास्तू मात्र दरमहा भाडे देत राहते, हा त्या काळच्या दानामागील विचार होता.

आपल्या सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे उदाहरणही असेच प्रेरक आहे. १९४१ साली गजपंथा येथे विद्वानांच्या मेळाव्यात त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघासाठी ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले आणि १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती न्यासरूपाने संघाला अर्पण केली. १९५७ साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या नावाची ग्रंथमाला त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

भाड्याच्या मिळकतींचा पुढील इतिहास मात्र तितका सुखद नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतांशी १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच ‘प्रमाणभूत भाडे’ ठरविले. युद्धोत्तर टंचाईत सामान्य कुटुंबांना आधार देणे हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु १९४० साली दहा रुपये भाडे असलेल्या खोलीचे भाडे पन्नास वर्षांनीही त्याच्याच आसपास राहिले. गवंड्याची मजुरी व सिमेंटचा भाव मात्र वाढतच गेला. दुरुस्तीअभावी चाळी खचल्या आणि ज्या भाड्यावर शिष्यवृत्त्या चालावयाच्या ते करभरणीलाही अपुरे पडू लागले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात प्रमाणभूत भाड्याच्या या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली.

या इतिहासातून विश्वस्तांनी काही बोध घ्यावयास हवा. करार लेखी व नोंदणीकृतच असावा. नव्या कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली असून करार नोंदलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. निवासी जागा ठरावीक मुदतीच्या लिव्ह अँड लायसन्सने द्यावी. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास किंवा विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते. मिळकत खरेदी करण्यापूर्वी गुंतवणुकीची परवानगी तपासावी आणि खरेदीनंतर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा. भाड्याचा काही अंश दरवर्षी दुरुस्ती निधीत ठेवावा. जागा रिकामी राहील असे महिनेही हिशेबात धरावेत. विश्वस्तांच्या आप्तांना जागा देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वेळापुरात बसून पुण्या-सोलापूरची मिळकत सांभाळणे सोपे नाही. तेथे राहणाऱ्या समाजबांधवांवर देखरेखीची निश्चित जबाबदारी सोपवावी.

एवढी तयारी नसेल तर रक्कम बँकेतील मुदत ठेवीत राहिलेली बरी. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या आपल्या समाजात न्यासाची मिळकत कुणा एकाची नसते. विश्वस्त हे तिचे केवळ राखणदार होत. भाडेकरूशी न्यायाने वागून, पै-पैचा हिशेब समाजापुढे ठेवून हा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप द्यावा, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रार्थना.

जय जिनेंद्र!