पाव : वेदीचा की ताटाचा?

पोर्तुगीजांनी पाव मिस्साबलीसाठी आणला, असा समज आपल्यात रूढ आहे. आम्हांस तो पटत नाही. लॅटिन विधीतील वेदीवरची भाकर बेखमीर असते. पाव मात्र खमिराने फुगतो. गोव्यात तो माडाच्या ताडीने आंबविला जाई. म्हणजे तो ताटासाठीच आला.

त्याने माणसे तोडलीही. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा वसईकडे सांगितल्या जातात. १७३९ साली वसईतील पोर्तुगीज सत्ता संपली, पाव उरला. आज वर्धेजवळच्या पिपरी मेघेतही तव्यावर खरपूस भाजलेला जाड पाव रश्शासोबत कुणालाही चालतो. ज्या घासाने शेजारी दुरावले, तोच आज ते एकत्र बसून खातात. हेच आम्हांस मोलाचे वाटते.