पिवळी गोळी



दोन वर्षांपूर्वी माझी रक्तदाबाची नेहमीची गोळी दुसऱ्या कंपनीची मिळाली. पांढरीच्या जागी पिवळी. दुकानदार म्हणाला, "औषध तेच आहे, आजी." तिसऱ्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, रात्री श्वास लागला. मुलाने वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून वाचल्या. औषध खरंच तेच होतं, पण पिवळीवर एक शब्द जास्त होता : टार्ट्राझिन. पुढे हाच रंग असलेल्या एका सिरपनेही तोच प्रकार झाला, तेव्हा खात्री पटली.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे आता या रंगाचं मूळ शोधणं आलंच!

गंमत अशी, की कृत्रिम रंगाचा जन्मच औषधाच्या शोधात झाला. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन ईस्टरच्या सुट्टीत घरीच प्रयोग करत होता. डांबरातल्या रसायनांपासून हिवतापावरचं क्विनाईन करायचं होतं. क्विनाईन काही झालं नाही, हाती लागला जांभळा रंग. मग अशा रंगांची रांगच लागली. १८८४ मध्ये आपली ही पिवळी बाई आली. पुढे कापडासारख्याच गोळ्याही रंगू लागल्या.

१९३५ मध्ये जर्मनीतून प्रॉन्टोसिल नावाचं लालभडक औषध आलं. जंतुसंसर्गावर गुणकारी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी त्याच वर्षी दाखवून दिलं, की गुण येतो तो त्यातल्या बिनरंगी भागाने!

१९५९ मध्ये लॉकी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी टार्ट्राझिनच्या ॲलर्जीबद्दल लिहिलं. तो रंग होता स्टिरॉइडच्या गोळ्यांत. म्हणजे ज्या औषधाने ॲलर्जी शमवायची, त्यातच तिचं कारण! अमेरिकेत १९८० पासून अशा औषधांवर टार्ट्राझिनचं नाव छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही औषधातल्या रंगाचं नाव वेष्टनावर द्यावं, असा नियम आहे.

रंग अगदीच निरुपयोगी आहे असंही म्हणवत नाही. ह्यांची दृष्टी गेली होती, अक्षरं दिसत नसत. तेव्हा "गुलाबी सकाळी, पांढरी रात्री" एवढ्यावरच आमचं सगळं चालायचं. शिवाय हा त्रास फार थोड्यांना होतो. पण त्या थोड्यांत आपण असलो, की तो थोडा राहत नाही.

आता माझ्या पर्समध्ये एक भिंग आणि 'टार्ट्राझिन चालत नाही' असं लिहिलेली चिठ्ठी असते. दुकानदार पट्टी कापून देतो आणि रंगाचं नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर राहतं, म्हणून मी अख्खी पट्टीच मागते. गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्या मनाने बंद करणं त्याहून वाईट.

आणि घरच्यांनो, माझं औषध आणाल तेव्हा पट्टीची मागची बाजू वाचूनच आणा. चष्मा विसरलात तर भिंग माझ्याकडे आहे!